नीरा खोऱ्यातल्या पांढऱ्या जमिनी

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात. पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे माणसं राहतात ती जागा आणि काळी म्हणजे पिकतं ती. मृदाशास्त्र नावाचा विषय विद्यापीठात शिकवला जाऊ लागला त्याच्या कितीतरी आधी केलेलं हे मातीचं वर्गीकरण आहे, आणि ते अगदी रास्त आहे. वस्तीच्या जागी पिढ्यान् पिढ्या राख, शेण, हाडं, चुना पडत राहतो, म्हणून ती माती पांढुरकी होते. नदीकाठच्या ओसाड पडलेल्या जुन्या गावठाणांची ही पांढरी माती शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकत. पुरातत्त्वाचे अभ्यासक त्यावर हळहळतात, कारण त्या गाड्यांतून ताम्रपाषाण युगातली खापरंही शेतात जाऊन पडली. पण शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता. हाडांत आणि राखेत स्फुरद असतं, पालाश असतं, आणि ते पिकाला लागतं.

मी आज सांगणार आहे ती गोष्ट मात्र निराळी आहे. वस्ती न होताच काळीची पांढरी कशी झाली, त्याची ही गोष्ट. ती घडली पुणे जिल्ह्यात, नीरा नदीच्या खोऱ्यात, साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी. मी आयुष्यभर माती शिकवली. माझं मत असं झालं आहे की आपल्याकडचं मृदाशास्त्र प्रयोगशाळेत कमी आणि या खोऱ्यात जास्त शिकलं गेलं.

गोष्ट सुरू होते १८७६ ते ७८ च्या दुष्काळापासून. दख्खनमध्ये लाखो माणसं आणि जनावरं मेली. त्यानंतर सरकारनं कालव्यांची कामं मनावर घेतली. नीरा डावा कालवा हे त्यातलं एक मोठं काम. १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. पुढे काही वर्षांत भोरजवळ भाटघरचं धरण पुरं झालं आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांना सह्याद्रीतलं पाणी मिळू लागलं.

आता तुम्हाला वाटेल, शेतकऱ्यांनी पाण्यावर उड्या टाकल्या असतील. तसं झालं नाही. सुरुवातीला पाणी घ्यायला लोक नाखूष होते. चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीला पाटाचं पाणी कशाला हवं? आणि पाणीपट्टी कोण भरणार? भारी काळी जमीन पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची शाळू काढते, हे त्यांना ठाऊक होतं. सरकारी अहवालांत यावर शेतकऱ्याच्या आळसाची आणि अडाणीपणाची टीका आढळते. मला ती पटत नाही. ज्या जमिनीला पाणी कमी लागतं तिला ते कमी द्यावं, हा आळस नव्हे.

पण कालवा बांधायला पैसा लागला होता आणि तो वसूल व्हायचा तर पाण्याला गिऱ्हाईक हवं होतं. ते मिळालं उसाच्या रूपानं. सासवडचे माळी बागाईतदार खाली खोऱ्यात उतरले. त्यांनी जमिनी खंडानं घेतल्या, पेंडीची खतं घातली, गुऱ्हाळं लावली आणि कालव्याला जगवलं. हीच मंडळी पुढे इतर कालव्यांवरही गेली आणि १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना त्यांनीच उभा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याला अभियंता होते. त्यांनी नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. पाणी विखरून न देता ठरावीक गटांना द्यायचं, आणि गटाच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात फेरपालट करायची. यात पाण्याची काटकसर होती, तशीच जमिनीला विश्रांतीही होती. विश्वेश्वरय्या म्हटलं की आपल्याला खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे आठवतात. माझ्या लेखी ही ब्लॉक पद्धत त्याहून मोठी. ती पाळली गेली तेवढीच गेली, हा भाग वेगळा.

आणि मग जमिनी पांढऱ्या पडू लागल्या.

आधी ओढ्याकाठच्या, खोलगट, सगळ्यात भारी काळ्या जमिनी गेल्या. उन्हाळ्याच्या तोंडाला वरंब्यांच्या माथ्यावर मीठ शिंपडल्यासारखी बुरशी दिसे. बी उगवत नसे, उगवलं तर पानांच्या कडा करपत. पावसाळ्यात त्याच जमिनीवर पाणी दिवसच्या दिवस साचून राही, आणि वाळली की ती दगडासारखी कडक होई. शेतकऱ्यांकडे या प्रत्येक अवस्थेला शब्द आहेत. पाणी धरून बसलेली ती चिबड, मीठ फुटलेली ती खारवट आणि तिसरी, सगळ्यात वाईट, ती चोपण. आमच्या शास्त्रानं पुढे याच तीन गोष्टी वेगळ्या काढून त्यांना आकड्यांच्या सीमा घालून दिल्या.

त्या काळचं मृदाशास्त्र या रोगासाठी तयार नव्हतं, आणि त्याला कारण होतं. युरोपात सतराव्या शतकात व्हान हेल्माँट नावाच्या वैद्यानं कुंडीत २०० पौंड माती घेऊन वाळुंजाचं रोप लावलं होतं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं, माती फक्त दोन औंस घटली. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. हवेतला कार्बन त्याच्या हिशेबात नव्हता. पण त्या दोन औंसांतच पुढच्या दोनशे वर्षांचं शास्त्र दडलेलं होतं. १८४० मध्ये जर्मनीत लीबिगनं झाडं मातीतून खनिजं घेतात हे ठासून मांडलं. १८४३ मध्ये इंग्लंडात रॉथॅमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट यांनी गव्हाचे वाफे आखून खतांचे प्रयोग सुरू केले. ते वाफे आजही पेरले जातात. या सगळ्यातून मातीकडे बघण्याची एक सवय तयार झाली. माती म्हणजे बँकेतलं खातं. पीक किती काढतं, खत किती भरतं, शिल्लक किती.

याच सवयीनं १८८९ मध्ये हिंदुस्थान सरकारनं इंग्लंडातून जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनज्ञाला बोलावलं. तो देशभर हिंडला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. हा माणूस प्रामाणिक होता. इथला रयत सरासरी इंग्रज शेतकऱ्याइतकाच चांगला, काही बाबतींत सरस आहे, असं त्यानं स्वच्छ लिहिलं. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या जातात हे दुखणं आहे, पण दोष शेतकऱ्याचा नाही, त्याला दुसरं सरपण नाही, हेही त्यानंच ओळखलं. त्याच्या मागोमाग आलेल्या लेदर या सरकारी रसायनज्ञानं १८९८ मध्ये देशातल्या मातींचे चार मोठे गट केले: गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची. शाळेच्या भूगोलात आपण जे पाठ केलं त्याचं मूळ इथं आहे.

नीरेकाठच्या जमिनीत मात्र काही कमी नव्हतंच. खातं रिकामं झालेलं नव्हतं. जमाखर्चाच्या शास्त्रानं तिथं काय करायचं?

१९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून हॅरॉल्ड मॅन आले. मूळचे यॉर्कचे, आधी आसामच्या चहामळ्यांसाठी काम केलेले रसायनज्ञ. मॅन यांचं नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जास्त ठाऊक असतं, कारण पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतातल्या ग्रामपाहण्यांत ती पहिल्या काहींत गणली जाते. जमिनीचे तुकडे किती बारीक झालेत, कर्ज किती आहे, हे त्यांनी घरोघर जाऊन मोजलं. (त्या पिंपळे सौदागरात आज उंच इमारती आहेत. खालची काळी माती कुठं गेली, तर पायाच्या खड्ड्यांतून ट्रकांत.) पण त्या आधी, १९१० मध्ये, मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिका काढली. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याची ती एक साधी पुस्तिका होती. मी विद्यार्थ्यांना ती मुद्दाम वाचायला लावत असे, कारण त्यात दोन माणसं खड्डे खणून, विहिरींची पातळी बघून, माती धुऊन विचार करताना दिसतात. ध्यानात घ्या, मातीचा सामू मोजण्याची कल्पनासुद्धा तेव्हा नुकती जन्मली होती. १९०९ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्ग दारूभट्टीच्या प्रयोगशाळेत सोरेन्सननं ती मांडली, आणि बारामतीपर्यंत यायला तिला वेळ होता.

मीठ आलं कुठून? कालव्याचं पाणी तर गोडं, सह्याद्रीच्या पावसाचं. मग लोकांना वाटे, रासायनिक खतानं झालं असेल, कुणाला वाटे पेंडीनं. खरं कारण जमिनीच्या पोटात होतं. दख्खनचा काळा पाषाण झिजताना थोडे थोडे क्षार सुटत असतात. पाचशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात ते धुऊन समुद्रापर्यंत जात नाहीत, मुरमात आणि खोल थरांत पसरून राहतात. विहिरीचं पाणी खोल होतं तोवर ते कुणाला त्रास देत नव्हते. कालवा पाझरू लागला, उसाला मोकाट पाणी मिळू लागलं, आणि जमिनीखालची पाण्याची पातळी फूट फूट करत वर आली. एकदा ती पृष्ठभागापासून चार-पाच फुटांवर आली की पुढचं काम माती स्वतःच करते. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हानं उडून जातं, आणि मीठ मागे राहतं. म्हणजे वरून गोडं पाणी दिलं आणि खालून खारं आलं. यावर उपाय एकच होता, निचरा. चर खणा, खालचं पाणी बाहेर काढा, मग वरून गोड्या पाण्यानं धुवा.

चोपण जमिनीचं कोडं मात्र याहून अवघड. त्याचं उत्तर इंग्लंडातल्याच एका जुन्या प्रयोगात होतं. १८५० मध्ये यॉर्कशरचा थॉम्प्सन नावाचा एक जमीनदार आणि वे नावाचा रसायनज्ञ यांनी दाखवून दिलं होतं की मातीतून अमोनियाचं द्रावण ओतलं तर अमोनिया माती धरून ठेवते आणि त्या बदल्यात चुना सोडते. चिकणमातीचे कण म्हणजे जणू भाड्याची घरं. एक भाडेकरू गेला की दुसरा येतो. चांगल्या काळ्या मातीत या घरांत मुख्यतः कॅल्शियम राहतं. कॅल्शियम असलं की कण एकमेकांना धरून ढेकूळ भुसभुशीत ठेवतात, मध्ये हवेला वाट राहते. खारं पाणी वर आलं की सोडियम त्या घरांत घुसतो. आणि मग पावसानं वरवरचं मीठ धुऊन गेलं तरी सोडियम जागा सोडत नाही. कण सुटे होतात, पाण्यात पिठासारखे पसरतात, छिद्रं बुजतात. त्याला आपण चोपण म्हणतो. तिथं नुसता चर खणून भागत नाही. कॅल्शियम परत घालावं लागतं, आणि ते स्वस्तात मिळतं जिप्सममधून. सोबत शेणखत, ताग किंवा धैंचा गाडणं. धैंचा तर अशा जमिनीतही तग धरतो.

आपल्या काळ्या मातीत हे इतकं तीव्र का होतं, तेही सांगायला हवं. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यात पडते, पावसात सगळं पुन्हा फुगून येतं. जमीन स्वतःला नांगरून घेते म्हणा ना. तिचा काळेपणा बघून एकेकाळी लोकांना वाटे की तिच्यात भरपूर कुजलेली पानं असणार. प्रत्यक्षात सेंद्रिय कर्ब बऱ्याच ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. इतकी फुगणारी माती सतत ओली राहिली तर भेगा पडत नाहीत, आणि भेगा पडल्या नाहीत तर तिचा श्वास बंद होतो. 'वाफसा' हा आपला शब्द मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. मुळांना पाणी हवं तितकीच हवाही हवी, दोन्ही एकाच वेळी असण्याची जी स्थिती, तिला एका शब्दात नाव देणाऱ्या भाषा मला फारशा माहीत नाहीत. बारमाही पाटपाण्याखालच्या उसाला वाफसा येतच नव्हता.

या प्रश्नानं खोऱ्याबाहेरही बरंच काही उभं केलं. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आज धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृतींसाठी ओळखली जाते. तिचा जन्म १९१६ मध्ये मुंबई इलाख्याची एक छोटी शाखा म्हणून झाला, आणि तिचं काम होतं सिंचनाची पद्धत शेतीच्या गरजेप्रमाणे बदलणं. तिथले क्लॉड इंग्लिस आणि त्यांचे सहकारी गोखले यांनी दख्खनच्या कालव्यांवरच्या पाझराचा आणि निचऱ्याचा अभ्यास १९२८ मध्ये मांडला. एक अभियंता मातीचे खड्डे खणतो आहे, ही गोष्ट त्या काळी नवी होती. दुर्दैवानं ती अजूनही थोडी नवीच आहे.

मग १९३२ मध्ये फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. पाडेगाव म्हटलं की शेतकऱ्यांना को ७४० हा ऊस आठवतो. पण त्याच केंद्रात जे. के. बसू यांनी नीरा उजव्या कालव्याखालच्या जमिनींची पाहणी केली ती निराळ्याच दृष्टीनं, आणि ती दृष्टी आली होती थेट रशियातून. दोकुचाएव्ह नावाच्या भूवैज्ञानिकानं १८८३ मध्ये तिथल्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला होता. तिथंही निमित्त दुष्काळाचंच. त्याचं म्हणणं असं की माती म्हणजे नुसता झिजलेला दगड नव्हे. दगड, हवामान, झाडंझुडपं, उतार आणि काळ या सगळ्यांतून ती घडते, तिला थर असतात, आणि हे थर वाचता येतात. बसू आणि त्यांचे सहकारी शिरूर यांनी १९३८ मध्ये तसंच केलं. दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनीत खड्डे घेऊन, थर वाचून, मातींचे प्रकार पाडले. वरून सगळी काळीच दिसणारी जमीन आत किती तऱ्हांची असते, कुठं मुरूम दोन फुटांवर लागतो, कुठं चुनखडीचा थर आडवा येतो, कुठं पाणी मुरायला वाटच नाही, हे कळलं. म्हणजे कुठं ऊस घ्यावा आणि कुठं घेऊ नये, हे कागदावर आलं. ते १९३८ साली आलं, हे साल विसरू नका.

कारण पुढे कृष्णाकाठी काय झालं ते बघा. कोयना धरणानंतर नदी बारमाही झाली. उपसा सिंचन योजना आल्या, सहकारी कारखाने आले, आणि सांगली-कोल्हापुरातल्या त्याच भारी काळ्या जमिनींवर तोच ऊस, तसंच मोकाट पाणी देऊन उभा राहिला. १९६९ मध्ये कर्नालला क्षारयुक्त जमिनींवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था निघाली, १९७६ मध्ये नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था निघाली. २०१५ पासून शेतकऱ्यांना माती आरोग्य पत्रिका मिळू लागल्या. त्यांवर सामू असतो, क्षारांचं प्रमाण असतं. तपासणीची माती सहसा वरच्या वीतभर थरातून घेतली जाते. पाच फुटांवर उभं असलेलं पाणी त्या पत्रिकेवर दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी शिरोळ भागात एका शेतकऱ्याच्या बांधावर उभा होतो. तीन एकरांत लव्हाळा आणि पाणकणीस. त्यानं मला सात-बाराचा उतारा दाखवला. त्यावर बागायत लिहिलेलं. "साहेब, कागदावर मी बागाईतदार आहे," तो म्हणाला, "आणि रोज दुसऱ्याच्या उसात भांगलायला जातो." दुष्काळी माणसाला निदान दुष्काळी म्हणतात. पाण्यानं बुडालेल्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

त्या भागात आता भूमिगत निचऱ्याची कामं होत आहेत. जमिनीखाली एक-सव्वा मीटर खोल, छिद्रं असलेल्या आणि कापडासारख्या गाळणीनं लपेटलेल्या प्लास्टिकच्या नळ्या ठरावीक अंतरावर टाकायच्या आणि त्यांचं पाणी एका मोठ्या नळीतून ओढ्याला सोडायचं. शास्त्र तेच, १९१० चं. अडचण निराळी आहे. एकट्या शेतकऱ्याला हे करता येत नाही. नळी शेजाऱ्याच्या रानातून न्यावी लागते आणि खर्च एकराला भारी पडतो. जिथं कारखान्यानं किंवा गावानं पुढाकार घेतला, भाऊबंदकी बाजूला ठेवून शेकडो खातेदार एकत्र आले, तिथंच ती झाली. मी पाहिलेल्या एका ठिकाणी पहिल्या वर्षी नळीतून येणारं पाणी जिभेवर धरवत नव्हतं. दोन पावसाळे गेल्यावर ते बरंच निवळलं आणि वर गहू उभा राहिला.

मोठ्या नळीचं तोंड ज्या ओढ्यात सोडलं होतं, त्याच्या खालच्या अंगाला दुसरं गाव होतं. उन्हाळ्यात ओढा वाहताना बघून तिथल्या लोकांनी मोटारी लावल्या आणि ते पाणी उचलून उसाला द्यायला सुरुवात केली. आम्ही पाण्याच्या तपासणीचे कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दोन मोटारी चालूच होत्या.